व्हॉल्व्ह वेगळे, जलवाहिनी एकच: एका राउटरचे अनेक राउटर होतात म्हणजे नेमकं काय?

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला नेटवर्क समजावून सांगायचं तर पाण्यापासून सुरुवात करावी. शहराचं पाणी जायकवाडीतून येतं, फारोळ्याच्या केंद्रात शुद्ध होतं, नक्षत्रवाडीला चढतं आणि मग वेगवेगळ्या टाक्यांमध्ये वाटलं जातं. प्रत्येक भागाची टाकी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा, पाणी येण्याचा दिवसही वेगळा. पण पैठण रोडवर मुख्य जलवाहिनी फुटली की या वेगळेपणाचा काहीही उपयोग नसतो. ज्या ज्या टाक्या त्या वाहिनीवर, त्या सगळ्या भागांचे नळ एकदमच कोरडे.

तुमच्या फोनमागचं नेटवर्कही बऱ्याच अंशी असंच बांधलेलं असतं. आतमध्ये एकच यंत्र, पण त्याचे कागदोपत्री पाच, दहा, पन्नास भाग पाडलेले. प्रत्येक भागाला वाटतं की आपण स्वतंत्र राउटर आहोत. तंत्रज्ञान जुनं आहे, पण आज त्यावर बोलायला कारण आहे. गावोगावी भारतनेटचं नवं जाळं याच पद्धतीवर उभं राहतंय, ५जीमध्ये हीच कल्पना 'स्लाइसिंग' या नावाने थेट टॉवरपर्यंत पोहोचली आहे, आणि शहरांच्या स्मार्ट सिटी प्रकल्पांत 'आमचं नेटवर्क वेगळं आहे' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. वेगळं म्हणजे कुठपर्यंत वेगळं, हे आपण विचारायला शिकलं पाहिजे.

एका डब्यात अनेक राउटर

राउटरचं काम पोस्टातल्या सॉर्टिंगसारखं आहे. डेटाचं पाकीट येतं, राउटर त्यावरचा पत्ता वाचतो, आपल्या वहीत बघतो आणि योग्य दारातून पाकीट पुढे पाठवतो. या वहीला राउटिंग टेबल म्हणतात, आणि दारं म्हणजे पोर्ट. आता या एका यंत्राचे भाग पाडायचे तर तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी व्हीलॅन. इथे स्विचमधून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर एका क्रमांकाचा शिक्का मारतात. १० नंबरच्या शिक्क्याचं पाकीट फक्त १० नंबरवाल्यांना मिळणार, २० वाल्यांना दिसणारही नाही. याचं ८०२.१क्यू हे मानक १९९८ मध्ये आलं. एका केबलवर असे ४०९४ वेगळे गट करता येतात. कॉलेजात विद्यार्थ्यांचं वायफाय आणि ऑफिसचं नेटवर्क एकाच वायरवरून जातं, तरी तुम्हाला ऑफिसचे कॉम्प्युटर दिसत नाहीत, ते यामुळेच.

दुसरी पायरी व्हीआरएफ. इथे राउटरला एकाऐवजी अनेक वह्या देतात. बँकेची पाकिटं आली की बँकेची वही उघडायची, शाळेची आली की शाळेची. गंमत म्हणजे बँकेत आणि शाळेत दोन्हीकडे १०.०.०.५ हा एकच पत्ता असला तरी गोंधळ होत नाही, कारण वह्याच वेगळ्या आहेत. टेलिकॉम कंपन्या एकाच जाळ्यावर शेकडो ग्राहकांची खासगी नेटवर्कं चालवतात ती याच युक्तीवर. एमपीएलएससोबत ही पद्धत वापरण्याचा आराखडा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती मानक म्हणून आली.

तिसरी पायरी म्हणजे अख्खा राउटरच वाटून टाकायचा. ज्युनिपर कंपनी याला लॉजिकल सिस्टिम म्हणते. मूळ राउटरशिवाय असे आणखी १५ भाग करता येतात. सिस्कोने २००८ मध्ये नेक्सस ७००० हा स्विच आणला, त्यात याच कल्पनेचं नाव व्हीडीसी. इथे फक्त वही वेगळी नसते. पोर्ट वाटून दिलेले, सेटिंग वेगळी, अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा. एक भाग रीस्टार्ट केला तरी शेजारचा भाग चालू राहतो. ज्याच्या हातात एक भाग दिलाय त्याला दुसरा भाग आहे याचा पत्ताही लागत नाही.

हा खटाटोप कशासाठी?

सरळ कारण पैसा. मोठा राउटर महाग असतो. शिवाय त्याला रॅकमध्ये जागा लागते, वीज लागते, एसी लागतो, बॅटरी लागते, आणि तो सांभाळायला माणूस लागतो. चार विभागांसाठी चार राउटर घेतले तर हे सगळं चारपट. बरं, बहुतेक वेळा एका विभागाचं काम यंत्राच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शातही भागतं.

ग्रामीण भागात हे जास्त पटतं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली, खर्च १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये. देशातल्या सुमारे २ लाख ६४ हजार ग्रामपंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या आणि तालुका व ग्रामपंचायत पातळीवर आयपी-एमपीएलएस राउटर बसवायचे, असं त्यात आहे. आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. सोयगाव किंवा कन्नडच्या एखाद्या गावात ग्रामपंचायतीसाठी एक, शाळेसाठी एक, आरोग्य उपकेंद्रासाठी एक आणि घरगुती इंटरनेटसाठी एक, असे चार राउटर कोण बसवणार? आणि बसवलेच तर लोडशेडिंगमध्ये चारांची बॅटरी कोण बघणार? एकाच यंत्रात चार वह्या ठेवणं शहाणपणाचं आहे.

रिंगचा फायदाही समजून घ्या. भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात गावं सरळ रेषेत जोडलेली होती. मध्ये कुठे जेसीबीने फायबर तोडली की पुढची सगळी गावं अंधारात. रिंगमध्ये एका बाजूने तुटलं तर डेटा उलट्या बाजूने फिरून येतो. म्हणजे वायर तुटण्यावर उपाय झाला. राउटरच आतून बिघडला तर मात्र रिंगचाही फारसा उपयोग नाही.

भिंत कुठे आहे आणि कुठे नाही

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात 'आयसोलेशन' हा शब्द रोज कानावर पडतो, आणि तो ऐकला की पहिला प्रश्न असतो: कशापासून आयसोलेशन? राउटरच्या बाबतीत याची तीन उत्तरं आहेत.

एक, डोकावण्यापासून. इथे भिंत चांगली मजबूत आहे. सेटिंग नीट असेल तर एका व्हीआरएफमधला माणूस दुसऱ्यात शिरू शकत नाही.

दोन, गर्दीपासून. इथे भिंत अर्धीच आहे. बाहेर जाणारी फायबर एक असेल आणि कुणाला किती वाटा हे ठरवून दिलेलं नसेल, तर एका भागाने जोरात डाउनलोड सुरू केलं की बाकीचे रखडतात. वाटा बांधून देता येतो, पण तो कुणीतरी मुद्दाम बांधावा लागतो. नुसता भाग पाडला म्हणून वाटा मिळत नाही.

तीन, बंद पडण्यापासून. इथे भिंत जवळजवळ नाहीच. वीजपुरवठा एक, पेटी एक, मूळ ऑपरेटिंग सिस्टिम एक. सिस्कोच्या व्हीडीसीमध्येसुद्धा प्रत्येक भागाच्या प्रक्रिया वेगळ्या चालतात, पण सगळ्यांच्या खाली असलेला कर्नल एकच असतो. कर्नल कोसळला की सगळे भाग एकत्र कोसळतात. जायकवाडीच्या पंपहाउसची वीज गेल्यावर कुठल्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा होता, याने काही फरक पडत नाही. तसंच हे.

कॅनडात एक दिवस सगळंच बंद होतं

हा पुस्तकी धोका नाही. ८ जुलै २०२२ ला पहाटे कॅनडातल्या रॉजर्स या कंपनीने आपल्या नेटवर्कचं अपग्रेड करताना एका राउटरवरचा फिल्टर काढला. हा फिल्टर आतल्या मुख्य राउटरकडे किती माहिती जावी हे अडवून धरत होता. तो निघाल्यावर राउटिंगच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरवर आदळला, त्यांची क्षमता संपली आणि ते पाकिटं पुढे पाठवेनासे झाले.

रॉजर्सच्या मोबाइल सेवेचे ग्राहक वेगळे आणि घरगुती इंटरनेटचे वेगळे. बिल वेगळं, प्लॅन वेगळे. पण दोन्ही सेवांचा मधला गाभा, म्हणजे आयपी कोअर, एकच होता. त्यामुळे १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांचं मोबाइल आणि घरातलं इंटरनेट एकाच वेळी गेलं. देशभरात चालणारी इंटरॅक ही डेबिट पेमेंटची व्यवस्था ठप्प झाली. आपल्याकडे यूपीआय दिवसभर बंद पडल्यासारखं समजा.

यातल्या दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. पहिली, नेटवर्क दुरुस्त करायला इंजिनियर ज्या नेटवर्कने आत शिरतात तेही याच गाभ्यावर अवलंबून होतं. म्हणजे घराला कुलूप लागलं आणि किल्ली आतच राहिली. कारण सापडायलाच तासन्‌तास गेले. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. टॉवर चालू होते, फक्त मागचा गाभा मेला होता. फोनला टॉवरचा सिग्नल मिळत होता म्हणून त्याला वाटलं आपलं नेटवर्क ठीक आहे. एरवी आपल्या कंपनीचा सिग्नल पूर्ण गेला की इमर्जन्सी कॉलसाठी फोन दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडतो. इथे सिग्नल असल्यामुळे तो हललाच नाही, आणि अनेकांचे ९११ चे कॉल लागले नाहीत. 'रेंज फुल आहे, पण काहीच चालत नाही' हा आपल्याकडेही ओळखीचा अनुभव आहे. त्यामागे कधी कधी हे कारण असतं.

नंतर रॉजर्सने ग्राहकांना पाच दिवसांचं बिल माफ केलं आणि मोबाइल व घरगुती इंटरनेटचे गाभे खरोखर, म्हणजे यंत्रं धरून, वेगळे करायचं ठरवलं. त्यासाठी किमान २५ कोटी कॅनेडियन डॉलर लागतील असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं. एका यंत्रात भाग पाडून वाचवलेला पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, याचा हिशेब या आकड्यात दिसतो.

५जी स्लाइसिंग: हीच वाटणी, पण टॉवरपर्यंत

५जीच्या मानकात ही वाटणी टॉवरपासून गाभ्यापर्यंत नेली आहे. एका भागाला स्लाइस म्हणतात. मोबाइल इंटरनेटसाठी एक स्लाइस, अगदी कमी विलंब लागणाऱ्या कामांसाठी दुसरी, मीटर आणि सेन्सरसाठी तिसरी. एक फोन एका वेळी आठ स्लाइसपर्यंत वापरू शकतो. यासाठी ५जीचा गाभाही ५जीचाच लागतो, जुन्या ४जी गाभ्यावर बसवलेल्या ५जीमध्ये हे नीट होत नाही. जिओने सुरुवातीपासून असं स्वतंत्र ५जी उभारलं. २०२३ मध्ये आलेल्या जिओ एअरफायबरसाठी आपण स्लाइसिंग वापरतो असं कंपनी सांगते. घरातला टीव्ही आणि रस्त्यावरचा फोन एकाच टॉवरवर असतात, तेव्हा अशी वाटणी गरजेचीच आहे.

पण इथे एक फरक आहे. फायबर कमी पडली तर दुसरी टाकता येते. टॉवरकडे असलेला स्पेक्ट्रम मात्र मोजका असतो. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत हजारो फोन एका टॉवरवर येतात. तेव्हा एका स्लाइसला वाटा राखून ठेवला तर तो उरलेल्यांच्या वाट्यातूनच जाणार. हा वाटा अ‍ॅम्ब्युलन्ससाठी राखला तर कुणी तक्रार करणार नाही. जास्त पैसे देणाऱ्याच्या रीलसाठी राखला तर?

भारतात याबद्दल नियम आहेत. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेबसाइट बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली. जुलै २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी स्वीकारल्या. कंपनीने कुठल्याही मजकुराला अडवायचं नाही, मुद्दाम हळू करायचं नाही. यातून दूरस्थ शस्त्रक्रिया, चालकविरहित गाड्या अशा विशेष सेवा वगळल्या आहेत, पण त्यामुळे साध्या इंटरनेटचा दर्जा घसरता कामा नये अशी अट आहे. मात्र हे नियम मजकुरात भेदभाव करू नका असं सांगतात. एकाच इंटरनेटसाठी दोन ग्राहकांना दोन वेगळ्या स्लाइस विकल्या तर काय, हा प्रश्न तेव्हा समोर नव्हता. अमेरिकेतही या वादाचा निकाल लागलेला नाही. तिथल्या नियामकाचा एप्रिल २०२४ चा नेट न्यूट्रॅलिटी आदेश २ जानेवारी २०२५ ला न्यायालयाने रद्द केला. त्याआधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, टी-मोबाइलने पोलिस आणि अग्निशमन दलासाठी वेगळी स्लाइस आणली होती.

माझं मत स्पष्ट आहे. स्लाइसिंगला विरोध करण्यात अर्थ नाही. पण कुठल्या स्लाइससाठी किती क्षमता राखली आणि उरलेल्यांना गर्दीच्या वेळी किमान किती वेग मिळेल, हे कंपनीने जाहीर केलं पाहिजे. पाण्याचं वेळापत्रक छापतात, तसंच.

आपल्या शहराने काय विचारावं

औरंगाबादची स्मार्ट सिटीसाठी निवड सप्टेंबर २०१६ मध्ये झाली. सिटी बस २०१९ मध्ये धावू लागली, चौकाचौकांत सीसीटीव्ही आले, नियंत्रण कक्ष उभा राहिला. शेंद्रा-बिडकीनची ऑरिक वसाहत तर पहिल्यापासून डिजिटल नियोजनावरच उभी आहे. असे प्रकल्प एकाच फायबरवर अनेक विभाग चालवतात आणि व्हीलॅन, व्हीआरएफने ते वेगळे ठेवतात. जगभर हीच रीत आहे आणि तिच्यात गैर काही नाही.

गैर तेव्हा होतं, जेव्हा निविदेत 'स्वतंत्र नेटवर्क' लिहिलेलं असतं आणि ते वाचणारा 'स्वतंत्र यंत्र' असं समजतो. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या अशा कामाबद्दल नगरसेवकाला, पत्रकाराला किंवा माहितीच्या अधिकारात विचारता येतील असे तीन प्रश्न आहेत. दोन्ही नेटवर्कं एकाच राउटरवर आहेत का? बॅकअप लाइन वेगळ्या रस्त्याने येते, की त्याच खड्ड्यातून? आणि दुरुस्तीसाठी आत शिरायचा मार्ग मुख्य नेटवर्क बंद असताना चालतो का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर रॉजर्सची गोष्ट आठवा.

या शहराला हा विचार नवा नाही. मलिक अंबरची नहर-ए-अंबरी आणि पाणचक्कीची नहर अशा वेगवेगळ्या उगमांच्या नहरी इथे होत्या. एक आटली तरी दुसरी वाहत राहायची. मूळ वेगळं असणं म्हणजे खरं वेगळं असणं.

तुमच्या हातात काय आहे

घरी: तुमच्या वायफाय राउटरमध्येही ही वाटणी करता येते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, जिओफायबर असेल तर १९२.१६८.२९.१. आत 'गेस्ट नेटवर्क' सुरू करा. स्वस्तातला वायफाय कॅमेरा, स्मार्ट टीव्ही आणि पाहुण्यांचे फोन त्यावर जोडा, लॅपटॉप आणि बँकेचं अ‍ॅप असलेला फोन मुख्य नेटवर्कवर ठेवा. कॅमेरा हॅक झाला तरी तो लॅपटॉपपर्यंत पोहोचणार नाही. पण लक्षात ठेवा, लाइन एकच आहे. पाहुण्यांनी सिनेमा लावला तर तुमची ऑनलाइन परीक्षा अडखळेल. गेस्टला वेगमर्यादा लावायची सोय असेल तर लावून टाका.

बाहेर: दुसरं सिम बॅकअप म्हणून घेताना वेगळ्या कंपनीचं घ्या. एकाच कंपनीची दोन सिम म्हणजे एकाच गाभ्यावरचे दोन भाग. कंपन्या वेगळ्या असल्या तरी टॉवर अनेकदा एकच असतो, त्यामुळे वीज गेल्यावर दोन्ही एकदम जातात का ते एकदा बघून ठेवा. जात असतील तर घरातली फायबर लाइन आणि राउटरला छोटा यूपीएस हा जास्त कामाचा बॅकअप आहे. एमपीएससी किंवा सीईटीचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरणाऱ्यांनी तर हे आधीच तपासावं. नाहीतर थोडी रोख रक्कम खिशात आणि फॉर्म दोन दिवस आधी, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहेच.

आणि सेवा खरंच बंद पडली तर: ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार जिल्हा पातळीवर २४ तासांपेक्षा जास्त वेळ सेवा बंद राहिली तर पोस्टपेडच्या बिलात सूट आणि प्रीपेडची मुदतवाढ द्यावी लागते. प्रीपेडसाठी हे १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. नैसर्गिक आपत्ती यातून वगळली आहे. हा नियम नेटवर्क आतून किती भागांत वाटलंय ते विचारत नाही. तुमच्यापर्यंत सेवा पोहोचली की नाही, एवढंच बघतो. कंपनी 'वेगळं नेटवर्क' म्हणून काही विकायला आली तर आपणही तिला एवढंच विचारायचं: बाकीचं सगळं बंद पडलं, तर हे चालू राहील का?